पाच गावं फिरलेलं बिऱ्हाड

गेल्या महिन्यात या सदरात आयपीएलच्या विस्मरणात गेलेल्या संघांबद्दल लिहिलं होतं. डेक्कन चार्जर्सने २००९ साली स्पर्धा जिंकली आणि २०१२ मध्ये तो संघच संपला. कोचीचा संघ एका मोसमात आटोपला. पुण्याने तर दोनदा संसार मांडला आणि दोनदा मोडला. त्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचकाने विचारलं, "दादा, अमेरिकेत पण असं होतं का?"

होतं, पण तिथला प्रकार निराळा आहे. तिथले मोठे संघ सहसा बंद पडत नाहीत, ते गाव बदलतात. मालकाला दुसरीकडे नवं स्टेडियम दिसलं, जास्त तिकिटं खपतील असं वाटलं, की तो बाडबिस्तरा गुंडाळतो. खेळाडू, प्रशिक्षक, जुने विक्रम, सगळं ट्रकमध्ये भरून निघतं. मागे राहतं एक रिकामं सभागृह आणि त्या संघाची जर्सी घालून फिरणारी शाळकरी पोरं.

आज अशाच एका संघाची गोष्ट सांगतो. संघाचं नाव सॅक्रामेंटो किंग्ज. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना लेकर्स, बुल्स, वॉरियर्स ही नावं पाठ असतात. किंग्ज म्हटलं की बहुतेकांचा चेहरा कोरा राहतो. त्यात त्यांची काही चूक नाही. या संघाने एनबीएचं विजेतेपद एकदाच जिंकलंय, तेही १९५१ साली, आणि तेव्हा त्याचं नाव किंग्ज नव्हतं आणि गाव सॅक्रामेंटो नव्हतं. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये शाळेत असताना मी दोन वर्षं घाम गाळला (उंचीने साथ सोडली, नाहीतर आज हे सदर दुसरं कुणी लिहीत असतं). तिथे आमच्यातले सगळे लेकर्सवाले. मी पुढे किंग्जकडे कसा वळलो त्याचं उत्तर खालच्या हकिकतीतच आहे.

आधी नावांची एक गंमत. आपली आडनावं गाव घेऊन फिरतात. होळकरांबरोबर माळव्यात आलेली कितीतरी घराणी आता इंदूर सोडून दुसरं गाव ओळखत नाहीत, तरी आडनावाच्या शेवटी कोकणातलं किंवा देशावरचं एखादं खेडं चिकटलेलं असतंच. अमेरिकन संघांचंही तसंच. लेकर्स हे नाव मिनियापोलिसचं, कारण मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य. संघ १९६० साली लॉस एंजेलिसला गेला, तळी मागे राहिली, नाव सोबत गेलं. न्यू ऑर्लिन्सचा जॅझ १९७९ साली युटामध्ये गेला आणि तिथे जॅझ संगीताशी काडीचा संबंध नसताना अजून जॅझच म्हणवतो. किंग्जना मात्र हेही सुख मिळालं नाही. वाटेत त्यांचं नावही गेलं.

सुरुवात रॉचेस्टरची. न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी वसलेलं, कोडॅक कॅमेऱ्यांसाठी ओळखलं जाणारं शहर. तिथे लेस हॅरिसन नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकापासून हौशी-निमव्यावसायिक संघ चालवला होता. १९४५ मध्ये त्याने भावासोबत संघाला व्यावसायिक रूप दिलं, नाव ठेवलं रॉयल्स, आणि नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये उतरला. पहिल्याच मोसमात विजेतेपद. मालकही तोच, प्रशिक्षकही तोच. आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणा.

त्यांचं घरचं मैदान म्हणजे एजर्टन पार्कमधलं एक जुनं सभागृह, साधारण चार हजार माणसं मावतील एवढं. बास्केटच्या मागे लगेच दरवाजे होते. वेगात धावत गेलेला खेळाडू कधी कधी थेट दारातून बाहेर बर्फात जाऊन पडायचा, असं सांगतात. रॉचेस्टरचा हिवाळा माहीत असलेल्यांना ते खोटं वाटणार नाही.

तेव्हाचा खेळ आज पाहवला नसता. चेंडू हातात आल्यावर किती वेळात फेकायचा याला काही मर्यादाच नव्हती. एकदा आघाडी घेतली की चेंडू आपसात फिरवत बसायचं. ६ जानेवारी १९५१ रोजी रॉचेस्टरमध्ये रॉयल्स आणि इंडियानापोलिस ऑलिंपियन्स यांचा सामना झाला. नियमित वेळेत ६५-६५. मग एक ओव्हरटाइम, दुसरा, तिसरा, असे करत सहा झाले. सहा ओव्हरटाइम मिळून दोन्ही संघांचे गुण किती? १८. शेवटी इंडियानापोलिस ७५-७३ असं जिंकलं. एनबीएच्या इतिहासातला हा आजही सर्वांत लांबलेला सामना आहे. त्याच मोसमात फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं होतं. हो, बास्केटबॉलमध्ये!

यावर तोडगा काढला सिराक्यूज संघाच्या मालकाने, डॅनी बियासोनने. या माणसाचा धंदा बोलिंग ॲलीचा. त्याने हिशेब मांडला: सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. भागाकार करा. २४. झाला नियम: २४ सेकंदांत चेंडू फेकायचा, नाहीतर तो समोरच्याला द्यायचा. १९५४ पासून तो लागू झाला. मी कामावर कित्येक तास मीटिंगमध्ये घालवलेत, पण एवढं स्वच्छ उत्तर एका भागाकारात निघालेलं क्वचितच पाहिलंय.

त्या १९५१ च्या एप्रिलमध्ये रॉयल्स अंतिम फेरीत पोहोचले. समोर न्यूयॉर्क निक्स. रॉयल्सने पहिले तीन सामने जिंकले, निक्सने पुढचे तीन. सातवा सामना रॉचेस्टरमध्ये, आणि रॉयल्स ७९-७५ असे जिंकले. बॉब डेव्हिस, बॉबी वॉन्झर, आर्नी रायझन ही त्या संघातली मोठी नावं. राखीव खेळाडूंमध्ये रेड होल्झमन होता. त्यानेच पुढे प्रशिक्षक म्हणून निक्सला त्यांची दोन विजेतेपदं मिळवून दिली, १९७० आणि १९७३ साली. रॉयल्सकडे मात्र पुन्हा करंडक आला नाही.

मग रॉचेस्टर सुटलं कसं? कुणी दुष्टपणा केला असं नाही. १९५० च्या दशकात टीव्ही आला, विमानप्रवास सोपा झाला, आणि लहान गावांतल्या संघांना खर्च झेपेना. १९५७ मध्ये फोर्ट वेनचा संघ डेट्रॉइटला गेला, त्याच वर्षी रॉचेस्टरचा सिनसिनाटीला. मिनियापोलिस १९६० साली, सिराक्यूज १९६३ साली. ज्या सिराक्यूजने २४ सेकंदांचा नियम दिला, तेही गाव संघाविना राहिलं.

सिनसिनाटीच्या मुक्कामात या संघाच्या वाट्याला सर्वांत मोठं दुःख आलं. आणि तिथेच, माझ्या मते, या खेळातली सर्वांत मोठी दोस्तीही घडली.

मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन दोघेही १९५५ मध्ये संघात आले. स्टोक्स कृष्णवर्णीय, पिट्सबर्गमध्ये वाढलेला. ट्वायमन गोरा. स्टोक्स ताकदीने अचाट आणि हाताने हलका, म्हणजे रिबाउंडही तोच घेणार आणि नेमका पासही तोच देणार. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १२ मार्च १९५८ रोजी मोसमातल्या शेवटच्या सामन्यात तो मिनियापोलिसमध्ये डोक्यावर आपटला आणि बेशुद्ध पडला. नाकाशी औषध धरून त्याला शुद्धीवर आणलं आणि तो पुन्हा खेळायला उतरला. तेव्हाची रीतच ती होती. तीन दिवसांनी डेट्रॉइटला प्लेऑफचा सामना खेळून परतताना विमानात त्याची तब्येत बिघडली, झटके आले, आणि तो कोमात गेला. वय २४. शुद्धीवर आला तेव्हा मेंदू शाबूत होता, विचार स्वच्छ होते, पण शरीर निकामी झालं होतं. बोलताही येईना.

संघाचा मोसम संपला, पगार थांबला, हॉस्पिटलचं बिल वाढत राहिलं. आईवडील दूर पिट्सबर्गला. अशा वेळी २३ वर्षांचा ट्वायमन पुढे झाला आणि कोर्टाकडून स्टोक्सचा कायदेशीर पालक बनला. त्याचं स्वतःचं लग्न झालेलं, लेकरं लहान. तो दिवसा विमा विकायचा, संध्याकाळी खेळायचा (१९५९-६० च्या मोसमात त्याने सामन्यामागे ३१ गुणांची सरासरी ठेवली), आणि वेळ मिळेल तेव्हा हॉस्पिटलमध्ये जायचा. तो एकेक अक्षर म्हणत जायचा, आणि बरोबर अक्षर आलं की स्टोक्स डोळे मिचकावून खूण करायचा. असे शब्द जुळवत दोघं गप्पा मारत. दुखापत कामावर असताना झाली हे सिद्ध करून ट्वायमनने ओहायो राज्याकडून भरपाई मिळवली. बाकी पैशांसाठी न्यूयॉर्कजवळच्या डोंगरातल्या कुचर्स हॉटेलवर दर उन्हाळ्यात मदतीचा सामना सुरू केला. विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज तिथे येऊन खेळत.

हे बारा वर्षं चाललं. ६ एप्रिल १९७० रोजी स्टोक्स गेला, वयाच्या ३६ व्या वर्षी. २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तेव्हा तो स्वीकारायला ट्वायमनच उभा होता. आज एनबीए दरवर्षी 'सर्वोत्तम सहकारी' म्हणून जो पुरस्कार देते, त्याला या दोघांचं नाव आहे. मी किंग्जवाला झालो तो इथे. जिंकण्या-हरण्याशी त्याचा संबंध नाही.

याच सिनसिनाटीत १९६० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आला. त्याने १९६१-६२ च्या मोसमात सामन्यामागे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी राखली. तिन्ही दोन आकडी. म्हणजे पूर्ण मोसमाचा 'ट्रिपल-डबल'. नंतर ५५ वर्षं हे कुणाला जमलं नाही, २०१७ मध्ये रसेल वेस्टब्रूकने केलं. पण रॉबर्टसनची माझ्या लेखी मोठी कामगिरी कोर्टातली आहे, आणि इथले कोर्ट म्हणजे न्यायालय.

त्या काळचा करार असा असायचा की मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ त्याला दुसऱ्याला विकू शके, पण त्याला स्वतःहून जाता येत नसे. आता हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. मालक अख्खा संघ उचलून शेकडो मैल दूर नेऊ शकतो, खेळाडूला मात्र गल्ली ओलांडायची मुभा नाही. आपल्या आयटीत नोटीस पीरियड तीन महिन्यांचा झाला तर आपण केवढी आरडाओरड करतो. इथे नोटीस पीरियड जन्माचा होता. रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० मध्ये संघटनेने लीगवर दावा ठोकला. त्याच वर्षी सिनसिनाटीने त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं, आणि पुढच्याच वर्षी तो तिथे विजेता झाला. दाव्याचा निकाल लागायला १९७६ उजाडलं. तडजोड झाली आणि करार संपल्यावर खेळाडूला नवा संघ शोधण्याची वाट मोकळी झाली. आज लेब्रॉन जेम्स कुठे खेळायचं हे स्वतः ठरवतो, ते या दाव्यामुळे.

पण त्या लढाईत एक पक्ष नव्हताच. प्रेक्षक. मालकाला हक्क होते, खेळाडूंनी झगडून मिळवले, गावाला मात्र कुणी विचारलं नाही. १९७२ मध्ये सिनसिनाटीनेही संघ गमावला.

पुढचा मुक्काम कॅन्सस सिटी. तिथे बेसबॉलचा रॉयल्स आधीपासून होता, म्हणून आपले रॉयल्स झाले किंग्ज. पहिली तीन वर्षं घरचे सामने कॅन्सस सिटी आणि ओमाहा या दोन शहरांत वाटलेले असायचे. अधिकृत नावच 'कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज'. दोन घरांत जेवणारा पाहुणा कुठल्याच घरचा होत नाही, तसं झालं. तरी याच काळात नेट आर्चिबाल्ड नावाचा सहा फूट एक इंच उंचीचा, म्हणजे या खेळात बुटकाच, खेळाडू १९७२-७३ च्या मोसमात गुणांच्या आणि असिस्टच्या, दोन्ही सरासरींत लीगमध्ये पहिला आला. लोक त्याला 'टायनी' म्हणत.

१९७८-७९ मध्ये संघ आपल्या गटात पहिला आला. आता बस्तान बसणार असं वाटत असतानाच ४ जून १९७९ च्या संध्याकाळी वादळी पावसात त्यांच्या केम्पर अरीनाचं छत कोसळलं. आत सामना नव्हता म्हणून जीवितहानी टळली. या इमारतीला वास्तुरचनेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता! छतावरचं पाणी हळूहळू निघेल अशी रचना मुद्दाम केलेली. त्या संध्याकाळी पाणी तुंबलं, आणि छत टांगून धरणारे बोल्ट वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी आधीच थकलेले होते. एक तुटला, त्याचा भार शेजारच्यावर गेला, तो तुटला. सर्व्हर एकामागून एक कसे बसतात हे ज्यांनी रात्री दोन वाजता पाहिलंय, त्यांना मी वेगळं समजावायला नको. संघाला पुढचा बराचसा मोसम जुन्या सभागृहात काढावा लागला. १९८३ मध्ये सॅक्रामेंटोच्या बिल्डर मंडळींनी संघ विकत घेतला आणि १९८५ मध्ये तिकडे नेला.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिससमोर तिला कोण विचारतो? मोठ्या लीगमधला दुसरा एकही संघ या शहरात नव्हता. त्यामुळे किंग्ज आले आणि गाव वेडं झालं. सुरुवातीचं सभागृह तात्पुरतं, १०,३३३ आसनांचं. तीन वर्षांनी मोठं बांधलं. संघ खेळायचा कसा? १९९०-९१ मध्ये बाहेरगावी ४१ सामने खेळले, त्यातला एक जिंकला. ओळीने ४३ सामने बाहेर हरण्याचा विक्रम त्यांनी तेव्हा केला. आणि त्याच मोसमात घरी? ४१ पैकी २४ जिंकले. तेच खेळाडू, तोच चेंडू. फरक फक्त आरडाओरड करणाऱ्या लोकांचा.

चांगले दिवस आले ते १९९८ नंतर. क्रिस वेबर, व्लादे दिवात्स, पेजा स्तोयाकोविच, प्रशिक्षक रिक ॲडलमन. पासिंग इतकं देखणं की आजही जुने व्हिडिओ लावून बसावं. लेकर्सचा प्रशिक्षक फिल जॅक्सनने सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊनच सामन्याला येऊ लागले आणि जॅक्सनच्या कानाशी बडवू लागले. टोमण्याला उत्तर द्यावं तर असं.

२००१-०२ मध्ये किंग्जनी ६१ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्ससमोर उभे राहिले. चौथ्या सामन्यात २४ गुणांची आघाडी वितळत गेली, तरी शेवटच्या क्षणी दोन गुणांनी पुढे होते. लेकर्सचे दोन फटके चुकले. दिवात्सने चेंडू बास्केटपासून दूर ढकलला, आणि तो गेला थेट रॉबर्ट होरीच्या हातात. त्याने तीन गुणांचा नेम साधला. वेळ संपली. १००-९९. सहाव्या सामन्यात लेकर्सना शेवटच्या बारा मिनिटांत २७ फ्री थ्रो मिळाले. त्या पंचगिरीवर अजून भांडणं होतात. पण सातव्या सामन्याबद्दल किंग्जवाल्यांनी पंचांना दोष देऊ नये. घरचं मैदान होतं, ३० फ्री थ्रो मिळाले आणि १४ चुकवले. ओव्हरटाइममध्ये हरले.

२००६ नंतर संघ घसरला, आणि मालकांची नजर पुन्हा बाहेर वळली. २०११ मध्ये अनाहाइमला जायचं जवळपास ठरलं होतं. त्या एप्रिलमध्ये लेकर्सविरुद्धचा घरचा शेवटचा सामना झाला. सगळ्यांना वाटलं, हा निरोपाचाच. सामना संपल्यावर लोक उठेनात. रडत, घोषणा देत तसेच बसून राहिले. शहराचा महापौर केव्हिन जॉन्सन हा स्वतः एनबीएत खेळलेला आणि सॅक्रामेंटोतच वाढलेला. त्याने मालकांच्या सभेत जाऊन मुदत मागून आणली. २०१२ मध्ये नव्या सभागृहाचा करार झाला आणि मोडला. जानेवारी २०१३ मध्ये बातमी आली की संघ सिॲटलच्या गटाला विकला, आता तिकडे जाणार. त्या गटात कोण? मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह बामर.

महापौराने दुसरा खरेदीदार शोधला, तो विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेला, किशोरवयात एमआयटीत शिकायला गेलेला, टिब्कोचा संस्थापक. आपल्या धंद्यातल्यांना टिब्को माहीत असेल. एका प्रोग्रॅमने माहिती फलाटावर ठेवायची आणि ज्यांना हवी त्यांनी उचलायची, ही कल्पना त्याने शेअर बाजाराच्या व्यवहारांत नेली. वॉरियर्समध्ये त्याचा छोटा हिस्सा होता. तो नियमाप्रमाणे विकावा लागला (दोन वर्षांत वॉरियर्स विजेते झाले, असो). मार्चमध्ये नगरपरिषदेने नव्या सभागृहाच्या आराखड्याला ७ विरुद्ध २ मतांनी मान्यता दिली. १५ मे २०१३ रोजी एनबीएच्या मालकांच्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. किंग्ज राहिले. भारतात जन्मलेली व्यक्ती एनबीए संघाची प्रमुख मालक होण्याची ती पहिली वेळ.

ही गोष्ट इथे 'आणि गाव जिंकलं' म्हणून संपवली जाते. माझं मन तिथे थोडं अडतं. पहिलं कारण पैशाचं. नव्या सभागृहात शहराने सुमारे २५ कोटी डॉलर घातले, आणि त्या कर्जाची फेड मोठ्या प्रमाणात शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नावर टाकली. ज्याने आयुष्यात एकही सामना पाहिला नाही, त्याच्या पार्किंगच्या पैशातूनही संघ राहिला. विरोधात मत देणारे ते दोघं वेडे नव्हते. दुसरं कारण सिॲटल. त्या शहराचा सुपरसॉनिक्स हा ४१ वर्षांचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता. सिॲटलची पोरं तेव्हा रडली होती तशीच, आणि पाच वर्षांनी तेच शहर दुसऱ्याच्या अंगणातून संघ उचलायला आलं. आणि शेवटचा शब्द कुणाचा? घंटा वाजवणाऱ्यांचा नाही, महापौराचाही नाही, तीस मालकांचा. तरी २०१३ साली मला मत असतं तर मी सॅक्रामेंटोलाच दिलं असतं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतरही लगेच सुख आलं नाही. २०१६ मध्ये नवं गोल्डन वन सेंटर उघडलं, पण संघ हरतच राहिला. २०१८ मध्ये नवे खेळाडू निवडताना दुसरा क्रमांक हाती असूनही लुका डॉन्चिचला सोडलं (कॉलेजच्या पोरांनो, मला माहितेय तुम्ही इथे हसणार). सलग १६ मोसम प्लेऑफविना, हा एनबीएचा विक्रम. मधल्या काळात भारताशी दोन धागे जुळले. एप्रिल २०१५ मध्ये साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा सिम भुल्लर किंग्जकडून उतरला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला. आणि ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, हा भारतातला पहिला एनबीए सामना झाला. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुलं. किंग्ज ओव्हरटाइममध्ये एका गुणाने हरले, १३१-१३२. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरले. सवयीने.

२०२२-२३ मध्ये दुष्काळ संपला. संघ जिंकला की सभागृहाच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत थेट आकाशात सोडायचा, अशी प्रथा त्या मोसमात सुरू झाली. ४८ विजय, प्लेऑफ, आणि वॉरियर्सकडून सातव्या सामन्यात पराभव. स्टीफन करीने त्या दिवशी ५० गुण केले.

त्या सभागृहात मान वर केलीत तर छताखाली निवृत्त केलेले जर्सी-क्रमांक टांगलेले दिसतात. बॉब डेव्हिसचा ११, रॉचेस्टरचा. स्टोक्सचा १२ आणि ट्वायमनचा २७. रॉबर्टसनचा १४, आर्चिबाल्डचा १. यातल्या एकानेही सॅक्रामेंटोसाठी कधी चेंडू उचलला नाही. सोबतच वेबरचा ४, दिवात्सचा २१. आणि एक ६ आहे, तो कुणा खेळाडूचा नाही. मैदानावर पाच जण खेळतात, सहावा प्रेक्षक, म्हणून तो लोकांच्या नावे राखून ठेवलाय.

पाहायचं असेल तर वेळ आपल्या सोयीची आहे. त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठला लागतो, म्हणजे पोहे-जिलेबीच्या वेळेला. शेवटची शिट्टी झाली की टीव्ही लगेच बंद करू नका. किंग्ज जिंकले असतील तर झोत दाखवतात.